सातवी तार

तार तुटली होती, पण सहांपैकी एकही नाही. सहाच्या सहा जागच्या जागी होत्या, सुरातही होत्या. केबल बदलून पाहिली, अँप बदलून पाहिला. माझ्या इलेक्ट्रिक गिटारला तारांची थरथर टिपून तिची वीज करणारे दोन पिकअप होते, एक नेककडे म्हणजे दांड्याकडे, दुसरा ब्रिजकडे म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे. स्विच नेककडच्या पिकअपवर असला की सगळं ठीक; ब्रिजकडच्या पिकअपवर टाकला की गिटार जणू शेजारच्या खोलीत जाऊन वाजायची. पातळ, लांबचा, रक्त नसलेला आवाज. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी चार स्क्रू काढले, पिकअप उचलून बाहेर घेतला आणि मल्टिमीटरच्या दोन सुया त्याच्या वायरींना टेकवल्या. आकडा उमटलाच नाही.

"ताई, आत तार तुटलीय."

"आत कुठे तार असते?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी सात वर्षं गिटार वाजवतेय हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे ते काहीच बोलले नाहीत.

दुरुस्ती झाल्यावर ती जुनी कॉइल मी मागून घेतली. काळ्या प्लास्टिकच्या चपट्या रिळावर तांबूस झाक असलेलं काहीतरी घट्ट बसलेलं. नखाने एक टोक सुटं केलं आणि ओढत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. तार केसाइतकी बारीक. उजेड तिरका पडला तरच दिसायची, एरवी मी रिकाम्या हवेतून काहीतरी ओढत चालले आहे असंच वाटलं असतं. दहा-बारा येरझाऱ्या झाल्या, रिळावर काहीच कमी झालेलं दिसेना. मग जरा जोर लागला आणि ती पट्कन तुटली. एक तुकडा बाहीला चिकटला, तो रात्रीपर्यंत सापडला नाही. नंतर कागदावर हिशेब मांडला. अशा एका कॉइलमध्ये साधारण पाच-सहा हजार वेढे असतात, एक वेढा सरासरी तेरा-चौदा सेंटिमीटरचा. म्हणजे पाऊण किलोमीटरच्या आसपास तार, आणि त्या पिकअपमध्ये अशा दोन कॉइल्स.

एवढी तार मी खांद्याला अडकवून हिंडत होते आणि मला तिचा पत्ता नव्हता. पत्ता होता तो लाकडाचा.

ही पहिली इलेक्ट्रिक गिटार मी डोळ्यांनी निवडली होती. तोंडी लावायला कारणं होतीच. महोगनी ऊबदार, मेपल लख्ख, अल्डर समतोल, बासवुड सपक, शिसवाचा फ्रेटबोर्ड (नेकवरची, बोटांखालची पट्टी) मऊ, एबनीचा कडक. सगळं पाठ होतं, पाढे असावेत तसं. पण घेतली ती तिच्या अंगावरच्या लाटांमुळे. मेपलच्या लाकडात कधी कधी रेषा अशा वळलेल्या असतात की पॉलिश चढलं की पाण्यावर ऊन हलल्यासारखं दिसतं. गिटार जरा कलती केली की लाटा पुढे सरकायच्या. मी ती तीनदा कलती केली आणि विषय संपला. त्या दिवशी मात्र दादांनी पिकअपची मोकळी झालेली खाच दाखवली, तर कडेला दिसलं की हे लाटांचं मेपल जाडसर कागदाएवढंच आहे. खाली भलतंच, फिकट, निनावी लाकूड. "चेहऱ्याला लावलंय," दादा म्हणाले. मला राग आला नाही, कारण फसवलं कोणीच नव्हतं. माहितीपत्रकात 'मेपल व्हिनिअर' असं लिहिलेलं होतं. मी त्यातला फक्त मेपल हा शब्द वाचला होता.

आता त्या सातव्या तारेबद्दल. गंमत अशी की ती वाजत नाही, हलतही नाही. तिच्या मधोमध लोहचुंबक असतं किंवा चुंबकाला जोडलेले लोखंडी खिळे असतात. वरच्या पोलादी तारा त्या चुंबकाच्या क्षेत्रात ताणलेल्या. तार थरथरली की क्षेत्र बदलतं, क्षेत्र बदललं की वेढ्यांमध्ये वीज उमटते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व आपण सगळेच शाळेत लिहितो आणि परीक्षेनंतर विसरतो. ध्यानात घ्यायची गोष्ट ही की पिकअप म्हणजे मायक्रोफोन नव्हे. तंबोऱ्याचा भोपळा किंवा साध्या गिटारची पोकळ पेटी हवा घुमवते आणि तो घुमारा आपण ऐकतो. पिकअपला हवेशी देणंघेणं नाही. त्याच्यावर नायलॉनची तार कितीही छेडा, तो ढिम्म. (वेढे सैल राहिले तर मात्र ते स्वतःच थरथरू लागतात आणि मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो. म्हणून बऱ्याच कॉइल्स गुंडाळून झाल्यावर वितळलेल्या मेणात बुडवतात.)

मग लाकूड कुठे आलं? इतिहास पाहिला तर सुरुवातीला ते आलंच नव्हतं. पुढे रिकनबॅकर या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९३२ मध्ये जी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. गोल बॉडी आणि लांब दांडा, त्यामुळे लोकांनी तिचं नाव 'फ्राइंग पॅन' ठेवलं. १९४० च्या सुमाराला लेस पॉल या गिटारवादकाने पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या आणि पिकअप बसवले. वाजायचं उत्तम, पण ऐकणाऱ्यांना ते पटेना. मग त्याने एक पोकळ गिटार उभी कापून तिचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन बाजूंना चिकटवले, आणि लोकांना ते पटलं. लोक डोळ्यांनी ऐकतात असं तो सांगत असे. हे वाचलं तेव्हा माझ्या लाटा मला आठवल्या.

लाकडावरून वादकांमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरूनही होत नसतील. एक बाजू म्हणते बॉडीचं लाकूड म्हणजेच आवाज. दुसरी म्हणते बॉडी म्हणजे तारा ताणून धरणारी फळी, ती दाराची असली तरी चालेल. मी दोन्हीकडे राहून आले आहे. आता माझं मत असं आहे, आणि ते कोणाला पटलं नाही तरी माझी हरकत नाही: लाकडाचा परिणाम असतो, पण लाकडाच्या नावाचा जवळजवळ नसतो.

तार वाजते तेव्हा तिची ताकद दोन्ही टोकांतून झिरपत असते, ब्रिजमधून बॉडीत आणि फ्रेटमधून (फ्रेटबोर्डावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांतून) नेकमध्ये. लाकूड ज्या कंपनाला ताठ उभं राहतं ते कंपन तारेत टिकतं, ज्याच्याबरोबर ते स्वतः डुलू लागतं ते लवकर मरतं. माझ्या पहिल्या गिटारवर तिसऱ्या तारेवर एक जागा होती, तिथला सूर निम्म्यात गळायचा. आजूबाजूचे सूर मस्त लांबत जायचे आणि हा मध्येच बसायचा. फ्रेट घासले, तारा बदलल्या, काही फरक नाही. एकदा सहज म्हणून मी नेकच्या टोकाला, खुंट्या असतात तिथे, एक छोटा लोखंडी क्लॅम्प आवळला आणि तो मेलेला सूर जिवंत झाला. शेजारचा मेला. वजन बदललं म्हणून नेकच्या डुलण्याचा वेग बदलला, आणि खड्डा एक फ्रेट सरकला. त्या दिवशी लाकडावर माझा विश्वास परत बसला, फक्त जागा बदलली. आजही मी बॉडीपेक्षा नेककडे जास्त बघते. लांब आणि बारीक तो असतो, डुलतो जास्त तो, आणि हात सगळा वेळ असतो तो त्याच्यावर.

नावाचं म्हणाल तर एकाच जातीच्या दोन फळ्या सख्ख्या असून सारख्या नसतात. एक भरीव, एक हलकी. एकीत ओल राहिलेली, दुसरी वाळून खणखणीत. शिवाय कोणतं लाकूड वापरायचं हे कानाने ठरलं असं समजणंही भाबडेपणाचं. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. जगातल्या सर्वांत गाजलेल्या गिटारी ज्याच्या नावावर आहेत त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी अ‍ॅशच्या लाकडाच्या होत्या. १९५६ मध्ये बहुतेक अल्डरच्या होऊ लागल्या. अ‍ॅशच्या लाकडाला ठळक भोकं असतात, ती भरल्याशिवाय रंग नीट बसत नाही. अल्डर गुळगुळीत, सहज मिळणारं, रंगाला सोपं. ज्या 'समतोल आवाजा'वर आपण तास तास बोलतो त्याच्या मुळाशी रंगाऱ्याची सोय आहे.

शिसवाचीही कथा अशीच. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला, तेव्हा काही निर्मात्यांनी फ्रेटबोर्डसाठी पाव फेरो नावाचं दुसरं लाकूड वापरायला सुरुवात केली आणि त्याबरोबर 'आवाज गेला' अशी हाकाटी सुरू झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, शिसव बरंचसं परतलं. मधल्या काळातली एक गिटार माझ्या मैत्रिणीकडे आहे. ती सुरेख वाजते. फ्रेटबोर्डाचा रंग जरा तांबडट आहे, एवढंच मला सांगता येईल.

खरी निवड पिकअपची, आणि तिथे मला माझा स्वभाव आड आला.

त्या पहिल्या गिटारवर ब्रिजला जो पिकअप होता तो भरपूर वेढ्यांचा, सिरॅमिक चुंबकाचा. जोरकस. अँपला ढकलून ढकलून फाटका, दाट आवाज काढण्यासाठी बनवलेला. मी वाजवते काय, तर स्वच्छ आवाजात, बोटांनी, अर्ध्या रात्री, हळू. म्हणजे कुजबुजायला म्हणून मी लाउडस्पीकर आणला होता. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण वरचे कोवळे, लखलखते स्वर झाकले जातात; मधला भाग फुगतो. विकणारे मोठ्या अभिमानाने पिकअपचे किलोओहम सांगतात, सोळा वगैरे, आणि आपल्याला वाटतं आकडा मोठा म्हणजे दम जास्त. तो आकडा फक्त तारेचा रोध आहे. तार अजून बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत तो वाढतो, दम तेवढाच राहतो.

सिंगल कॉइल म्हणजे एकच रीळ. आवाज मोकळा, टोकदार, बोटाचं नख लागलं की मांस लागलं हेसुद्धा सांगणारा. आणि गुणगुणणारा. कॉइल म्हणजे शेवटी अँटेनाच. भिंतीतल्या विजेचं क्षेत्र तीही टिपते. वीज ५० हर्ट्झची असेल तर त्या गुणगुणीत १०० हर्ट्झचा सूरही ठळक असतो, म्हणजे खर्जाच्या तारेवरचा तिसरा फ्रेट दाबल्यावर जो सूर येतो त्याच्या केसभर वर. एकदा तो कानात बसला की त्या फ्रेटवर जायची भीती वाटते. मागून कोणीतरी सतत किंचित चढा सूर धरून बसलंय, असं.

यावर सेथ लव्हरने गिब्सन या गिटार कंपनीत काढलेला उपाय मला आजही फार देखणा वाटतो. दोन कॉइल्स शेजारी शेजारी, जोडणी एकमेकींच्या उलट आणि चुंबकाची दिशाही उलट. बाहेरची गुणगुण दोघींत उलटसुलट उमटते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलट होतो, आणि त्याची बेरीज होते. हाच हंबकर. पेटंटसाठी अर्ज १९५५ चा, गिटारींवर तो १९५७ मध्ये आला, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. सुरुवातीची काही वर्षं पिकअपच्या पोटाला 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी असायची. आज त्या चिठ्ठीचे पिकअप लोक देवासारखे जपतात. आणि पुढे पेटंटचा क्रमांक छापलेली चिठ्ठी आली तेव्हा तिच्यावर आकडा होता तो भलत्याच पेटंटचा, तारा अडकवायच्या पट्टीचा! लाकडाच्या नावावर विसंबणाऱ्या मला त्या चिठ्ठीने बराच धीर दिला.

दोन रिळं तारेच्या दोन वेगळ्या जागा ऐकतात, त्यामुळे काही वरचे स्वर गळतात आणि आवाज गोल, जाड होतो. काहींना तोच हवा असतो. मला कितीतरी दिवस वाटत होतं की मलाही तोच हवा आहे, कारण गुणगुण नको हे ठरलेलं होतं.

दुसरी गिटार घ्यायची वेळ आली तेव्हा मैत्रिणीला बरोबर घेतलं आणि एक अट घातली: मी पाठ करून बसणार, ती वाजवणार, काय वाजवतेय ते सांगणार नाही. अँप एकच, केबल एकच, नॉब हलवायचे नाहीत. केबलचा आग्रह उगाच नव्हता. लांब केबल लावली की तिच्या अंगच्या कपॅसिटन्सने, म्हणजे वीज साठवण्याच्या गुणाने, पिकअपचे वरचे स्वर बोथट होतात. एक गिटार तीन मीटरच्या आणि दुसरी सहा मीटरच्या केबलवर ऐकली तर आपण केबलच ऐकतो आणि दोष लाकडाला देतो. एकंदर पाच गिटारी होत्या. मी एका वहीत नोंदी करत गेले.

नेकचा पिकअप की ब्रिजचा, हे मी एकदाही चुकले नाही. कोणीच चुकणार नाही. ब्रिजजवळ तार जेमतेम हलते, तिथे बारीक, तिखट स्वरांचा वाटा मोठा. नेककडे तीच तार ऐसपैस हलते आणि आवाजाला पोट येतं. जागा दोन इंच सरकली की वाद्य बदलल्यासारखं वाटतं. हंबकर की सिंगल कॉइल, यात एकदा चुकले. लाकूड ओळखण्यात मात्र पाचपैकी तीनदा चुकले, आणि उरलेल्या दोनदा ओळखलं म्हणण्यापेक्षा लागलं म्हणणं खरं. महोगनी म्हणून मी ज्या आवाजाभोवती दोनदा गोल केला होता ती बासवुड निघाली. सपक बासवुड. मैत्रीण इतकी हसली की तिच्या हातातला प्लेक्ट्रम पडला.

मग उलटा प्रयोग. आवाज बंद, केबल काढलेली, आणि आता वाजवायचं मी, डोळे मिटून. इथे लाकूड बोलू लागलं. बॉडी पोटाला टेकलेली असते, तिचा थरथराट बरगडीत कळतो. वजन कळतं: महोगनीची जाड बॉडी चार किलोंच्या वर गेलेली, अर्ध्या तासात डावा खांदा तिचं नाव घेऊ लागला. दुसरी हलकी होती पण सोडली की नेक जमिनीकडे झुकायचा, म्हणजे डावा हात वाजवायचा सोडून नेक उचलून धरण्यात खर्च. नेकची पाठ एकीची रुंद, पसरट. एकीची मधोमध जाड, मूठ भरणारी. तारेची लांबीही बोटांना लगेच समजते. फेंडरच्या धर्तीची ६४८ मिलिमीटर, गिब्सनच्या धर्तीची ६२८ च्या आसपास. फरक दोन सेंटिमीटरांचा, पण तेवढ्याने तारांचा ताण वाढतो आणि सूर ओढताना बोटाला तो जाणवतो. चौथ्या गिटारवर माझा अंगठा जिथे जाऊन थांबला तिथून तो हलेना. पाठ करून ऐकताना तिच्यापुढे मी लिहिलं होतं: "गुणगुणते. पण बोलते."

अल्डर, सिंगल कॉइल, रंग मला अजिबात न आवडणारा फिकट हिरवा. तीच घेतली.

घरी आणल्यावर पहिला आठवडा मी निराश होते. खर्जाच्या तारेचा सूर वर चढत गेला की घोगरा, दुहेरी ऐकू यायचा, जणू एकाच सुराशी दोघे भांडतायत. पुन्हा दादा. त्यांनी काहीही उघडलं नाही. पिकअपच्या दोन बाजूंचे दोन स्क्रू, दोन-दोन फेरे, आणि पिकअप दीड-दोन मिलिमीटर खाली गेला. चुंबक तारेच्या इतकं जवळ होतं की ते तारेला ओढून धरत होतं, मोकळं थरथरू देत नव्हतं. आवाज जरा लहान झाला, आणि मग अख्खा सूर बाहेर आला. ज्या आवाजासाठी लोक नवे पिकअप मागवतात, जुने विकतात, बॉडी बदलतात, त्यातला कितीतरी या दोन स्क्रूंमध्ये असतो. नंतर मी घरीच अर्धा-पाव फेरा इकडे-तिकडे करत राहिले. खर्जाची बाजू किंचित खाली, बारीक तारांची बाजू किंचित वर. अजूनही कधी कधी करते, हवा बदलली की, किंवा काहीच बदललं नाही तरी.

राहिली गुणगुण. ती गेली नाही. आतला खळगा तांब्याच्या पट्टीने मढवला, त्याने थोडी कमी झाली. मग एका रात्री खुर्ची फिरवताना कळलं की कॉइलला दिशा असते. खिडकीकडे तोंड केलं की गुणगुण वाढते, कपाटाकडे वळलं की उतरते, आणि कपाटाच्या डाव्या कडेकडे तोंड केलं की जवळजवळ नाहीशी होते. मी खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या. पुसताना त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून घरात बोलणी झाली. वर्षभर ते ठीक चाललं. गेल्या महिन्यात पलीकडच्या खोलीत नवे दिवे बसले, मंद-प्रखर होणारे, आणि जुनी जागा एकदम गुणगुणू लागली. आता निळ्या खडूने नव्या खुणा केल्या आहेत. कपाटाकडे पाठ, तोंड दाराकडे. दारातून कोण येतं-जातं ते वाजवताना आता दिसतं.